टाळ्या कोणाला?

गेल्या पंधरवड्यात मल्लेश्वरममधील आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा विषय निघाला. १९६२ साली दिल्लीत रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील प्रभाकर पणशीकरांच्या पाच रूपांची सर्वांनी थोरवी गायिली. ती योग्यच होती. मग एक गृहस्थ म्हणाले, “बायकाच इतक्या भोळ्या, तर लखोबाने काय करावे?” सारी बैठक हसली. माझी तक्रार या हसण्याविषयी आहे.

निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाना नावांनी लग्ने लावून स्त्रियांना लुबाडतो, हा त्याच्या गुन्ह्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा न्यायालयात घडतो. जिने त्याला नवरा म्हणून ओळखले, तिच्याच तोंडावर तो सांगतो, की तू पाहिलास तो मी नव्हेच! पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅस लाइट’ या १९३८ च्या इंग्रजी नाटकातील नवरा हेच चार भिंतींआड करतो. वस्तू आपण लपवायच्या आणि विसरभोळेपणाचा ठपका पत्नीवर ठेवायचा, हा त्याचा खाक्या. घरातले दिवे मंदावलेले तिला दिसतात; पण आपल्याला वेड तर लागले नाही ना, या भीतीने ती खचत जाते. एक पोलीस अधिकारी तिचे म्हणणे खरे मानतो, तेव्हा कोठे ती सावरते.

लखोबाचे सारे कारस्थान ठाऊक असूनही तिकीट काढून बसलेले आपण त्याच्या वाणीवर भाळतोच ना? मग ज्यांना काहीच ठाऊक नव्हते, त्या स्त्रियांनाच भोळ्या कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यांनी विश्वास टाकला, आणि विश्वासावाचून कोणाचा संसार चालतो?

आपण बदलीची माणसे. पत्नीचे माहेर शेकडो मैल दूर. शेजारीण मायाळू, पण कानडी बोलणारी. अशा घरात “तुला भास झाला” असे नवरा म्हणाला, तर मनातले बोलायला तिला या बैठकीवाचून दुसरी जागा कोणती? २००५ च्या कायद्याने मानसिक छळही कौटुंबिक हिंसाचारात गणला आहे. पण त्या कायद्यापर्यंत जाण्याचे बळ तिला आधी कोणीतरी द्यावे लागते. त्या संध्याकाळी बैठकीत स्त्रियाही होत्या. त्यांपैकी एखादीला काही सांगावयाचे असेल, तर आमचे हसणे ऐकून ती पुन्हा तोंड उघडील काय?

पणशीकरांना टाळ्या जरूर द्याव्या. लखोबाला मात्र देऊ नयेत.