कोणते तेल चांगले?

किराणा दुकानात तेलाच्या पिशव्यांची रांग तुम्ही पाहिली असेलच. कुणावर लाल हृदयाचे चित्र, कुणावर 'कोलेस्टेरॉलरहित' अशी ठळक अक्षरे. आई विचारते, "यातले कोणते घेऊ?" प्रश्न साधा वाटतो. पण माझ्या मते तो अपुरा आहे. 'कोणते तेल' याआधी 'किती तेल' आणि 'कितीदा तापवलेले तेल' हे विचारायला हवे.

प्रथम त्या ठळक अक्षरांकडे पाहू. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होते. वनस्पतींच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. मग शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलरहित' लिहिणे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'साखर नाही' असे लिहिण्यासारखेच! विधान खरे, पण त्यातून कळले काय? रक्तातील कोलेस्टेरॉल आपले यकृतही बनवते, आणि आहारातील संपृक्त मेदाम्ले वाढली की ते वाढू लागते. खोबरेल तेल कोलेस्टेरॉलरहितच आहे, पण त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. म्हणून पिशवी उलटी करून मागचा बारीक तक्ता वाचावा. खरी माहिती तेथे असते.

आता थोडे गणित करू. समजा, घरात तुम्ही, आई, बाबा आणि आजी असे चौघे आहात आणि महिन्याला ५ लिटर तेल लागते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज जवळजवळ ३८ ग्रॅम तेल आले. एक ग्रॅम तेल ९ कॅलरी देते. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने देतात ४. म्हणजे निव्वळ तेलातूनच ३४० कॅलरी झाल्या! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० साली सुचवलेले डोळ्यांना दिसणाऱ्या तेल-तुपाचे प्रमाण असे: बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम, स्त्रीला २० ग्रॅम आणि १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींना ३५ ते ५० ग्रॅम. तुमचे वय वाढीचे, तुम्हाला ३८ ग्रॅम चालतील. पण कचेरीत दिवसभर बसणाऱ्या बाबांच्या पोटात दीडपट तेल जाते, त्याचे काय? त्यात कितीही महाग तेल वापरले तरी जादा ते जादाच.

मग तेलांत फरक नाहीच का? आहे तर! करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते. ते आपले शरीर बनवू शकत नाही. शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल अधिक असते. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, म्हणून जवसाची चटणी ताटात असावी. एकाच तेलात सारे गुण नसतात. तेव्हा एका तेलाला चिकटून न राहता ते आलटून पालटून वापरावे, हे उत्तम.

वनस्पती तुपाची गोष्ट निराळी. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करीत. ही क्रिया अर्धवट राहिली की 'ट्रान्स' मेदाम्ले तयार होतात. ती घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतात. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम झाला.

आणि शाळेबाहेरची ती वड्यांची कढई? तेल पुन्हा पुन्हा तापले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, रेणू तुटतात, तेल काळे आणि चिकट होते. करडईसारखी बहुअसंपृक्त तेले तर लवकर बिघडतात. फोडणीला चांगले ते तळणीलाही चांगले, असे म्हणूनच नाही. तळलेल्या तेलातील 'ध्रुवीय संयुगे' २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. पण कढईपाशी मोजायला कोण येणार? तेथे आपले डोळे आणि नाक हीच उपकरणे. तेल काळे, फेसाळ, उग्र वासाचे दिसले तर वड्याचा मोह आवरावा. घरीही दिवाळीचे तळणीचे तेल महिनाभर पुरवू नये.

काटकसर वाईट नाही; पण ती तेल ओततानाच करावी, कढईत उरल्यावर नव्हे. या महिन्यात एक प्रयोग करा. तेलाची नवी पिशवी फोडली की तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहा. महिनाअखेर वरचे गणित मांडा आणि उत्तर आईबाबांना दाखवा. पिशवीवरच्या हृदयाच्या चित्रापेक्षा तुमचा तो आकडा बाबांच्या हृदयाची अधिक काळजी घेईल.