आधी मोजा, मग पार्ट बदला: तपासणीचे पैसे घ्या आणि द्यासुद्धा



आज माझं मत थेट मांडतो. फ्रिज दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात महाग पडतो तो अंदाज. थंड होत नाही म्हटलं की आधी 'गॅस संपला', मग 'बोर्ड गेला', शेवटी 'कॉम्प्रेसरच बदला'. दर वेळी पैसे गिऱ्हाईक देतं आणि दोष कधी कधी निघतो काही शे रुपयांच्या तापमान सेन्सरमध्ये.

उदाहरण घेतो वाइन चिलरचं. कुंडलमध्ये वाइन कुठली, असं म्हणू नका. आपला पलूस तालुका द्राक्षांचा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून राज्यात वाइन पार्क आले, त्यात नाशिककडच्या विंचूरबरोबर पलूसचंही नाव आहे. शिवाय याच जातीचा सेन्सर आज बऱ्याच व्हिजी कूलरमध्ये, डीप फ्रीझरमध्ये आणि कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोलरमध्ये बसतो. चिलरमध्ये वाइन साधारण १२-१३ अंशांवर ठेवतात. निर्यातीची द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवावी लागतात. तिथं सेन्सर खोटं बोलला तर नुकसान एका बाटलीचं नसतं, अख्ख्या हंगामाचं असतं.

सेन्सर खोटं कसं बोलतो?

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. बोर्ड तेवढंच मोजतो आणि डिस्प्लेवर अंश दाखवतो. डिस्प्लेवर १२ दिसतं याचा अर्थ सेन्सर १२ म्हणतोय, एवढाच.

सेन्सरमध्ये ओल शिरली की रेझिस्टन्स कमी होतो. बोर्डाला वाटतं आत गरम आहे. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि माल गोठायला लागतो. कनेक्टर गंजला तर उलटं होतं. रेझिस्टन्स वाढतो, बोर्डाला वाटतं आत भरपूर गार आहे, मशीन लवकर बंद होतं आणि माल गरम होतो. म्हणजे दोष एकाच जागी, पण तक्रारी दोन आणि अगदी उलट्या.

तपासायचं कसं?

पहिली पायरी. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर ठेवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. हवेपेक्षा पाणी सावकाश बदलतं, त्यामुळं दार उघडलं तरी आकडा लगेच उड्या मारत नाही. सकाळी डिस्प्लेशी ताडून बघा. एक-दोन अंशांचा फरक चालतो. पाच-सहा अंशांचा असेल तर सेन्सरवर संशय घ्या. पण सेटिंग १२ चं, आणि डिस्प्ले व थर्मामीटर दोघंही २० म्हणत असतील, तर सेन्सर खरं बोलतोय. मग दाराचं रबर, मागच्या कॉइलवरची धूळ, पंखा, गॅस यांकडे वळा.

दुसरी पायरी. प्लग काढा, सेन्सर कनेक्टरपासून सोडवा. बारीक केलेला बर्फ ग्लासभर घ्या, त्यात थोडं पाणी घालून ढवळा. हे झालं शून्य अंश, फुकटातलं. त्यात सेन्सरचं टोक पाचेक मिनिटं धरा आणि मल्टिमीटर लावा. २५ अंशांना १० हजार ओहम दाखवणारा सेन्सर असेल, तर शून्याला साधारण ३२-३३ हजार यायला हवेत. प्रत्येक कंपनीचा सेन्सर वेगळा असतो, म्हणून मॉडेलचा तक्ता हाताशी ठेवा. आकडा फारच लांब असेल, किंवा वायर हलवली की उड्या मारत असेल, तर निकाल लागला.

तिसरी पायरी दोन कप्प्यांच्या चिलरसाठी. दोन्ही सेन्सर एकाच जातीचे असतील तर त्यांचे कनेक्टर बोर्डावर अदलाबदल करा. चुकीचा आकडा सेन्सरबरोबर दुसऱ्या कप्प्याच्या डिस्प्लेवर गेला तर दोष सेन्सरचा. पहिल्याच डिस्प्लेवर राहिला तर बोर्डाकडे बघा.

आणि एक सावधगिरी. छोट्या चिलरमध्ये कधी कधी कॉम्प्रेसरच नसतो, पेल्टिअर असतो. तो खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली नेऊ शकतो. मे महिन्यात खोलीतच ३८-४० असेल, तर तो १२ वर येणारच नाही. तिथं सेन्सर बदलून काही उपयोग नाही.

आता पैशांचं बोलू

वरच्या सगळ्या कामाला मल्टिमीटर, थर्मामीटर आणि बर्फ पुरतो. तरी मेकॅनिक हे टाळतात, कारण तपासणीला कुणी पैसे देत नाही. मग तो कमाई पार्टमध्ये शोधतो. चूक एकट्या मेकॅनिकची नाही. 'बघायचे कसले पैसे?' म्हणणारे आपण दुकानदारच त्याला पार्ट बदलायला भाग पाडतो.

समजा, तपासणीचे ३०० आणि सेन्सरचे ४०० झाले. सातशेत विषय संपला. अंदाजानं बोर्ड बदलला तर समजा पाच हजार गेले आणि दोष तिथंच. गिऱ्हाईक तुमचं नाव घेतं ते वेगळंच. बीबीएला कॉस्टिंग शिकवतात, पण गेलेल्या विश्वासाचा कॉलम त्या तक्त्यात नसतो.

'गावाकडं तपासणीचे पैसे कोण देतं?' असं आयटीआय करून आलेली मुलं विचारतात. माझं उत्तर: तोंडी निदानाला देणार नाहीत, चिठ्ठीला देतील. डिस्प्ले किती, थर्मामीटर किती, बर्फात किती ओहम, म्हणून दोष कुठं, एवढं चार ओळीत लिहून द्या. रक्कम आधी सांगा आणि दुरुस्ती केली नाही तरी घ्या. डॉक्टरनं औषध दिलं नाही तरी आपण फी देतोच ना?

आपल्या शेजारी १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे. तिथल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, माप घेतल्याशिवाय तो लोखंडाला हात लावत नाही. ती सवय आपल्या मातीतली आहे, ती फ्रिजच्या कामात आणायची आहे.

दुकानदार असाल तर आज रात्री कूलरमध्ये पाण्याचा ग्लास आणि थर्मामीटर ठेवा. मेकॅनिक असाल तर उद्याच तपासणीचा दर लिहून दुकानात लावा.