निखारा, झाकण आणि थोडी अक्कल!

मंडळी, आधीच कबूल करते, हा लेख रेसिपीचा नाही. ‘एक चमचा आलं-लसूण पेस्ट, चवीपुरतं मीठ’ असलं काही वाचायला मिळेल म्हणून पान उघडलं असेल, तर पुढच्या पानावरच्या कविता वाचा. हा लेख मताचा आहे. आपल्या हॉस्टेलवर कोळशाच्या ग्रिलवर सरसकट बंदी आहे. ती का आली हे मला चांगलंच माहिती आहे, कारण ती माझ्यामुळे आली. तरीसुद्धा ती तशीच कायम राहू नये असं मला वाटतं. का, ते सांगते.

माझा मामा अमेरिकेहून कायमचा पुण्याला परतला, तेव्हा त्याच्या सामानात एक काळा, गोल, तीन पायांचा प्रकार होता. एका मोठ्या कढईवर दुसरी कढई उपडी घातलेली दिसावी तसा. हाच केटल ग्रिल. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा कारखाना होता, तिथे समुद्रात तरंगणारे बोये बनत. तिथल्याच जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने 1952 साली बोयाच्या गोळ्याचे दोन भाग केले, खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ लावली, आणि हा ग्रिल तयार झाला. उघड्या शेगडीवर वारा आला की राख उडायची, पाऊस आला की सगळं ओलं व्हायचं, या वैतागातून हे निघालं. मला ही गोष्ट फार आवडते. शीट मेटलमध्ये काम करणाऱ्या माणसाने स्वतःची कटकट स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये सोडवली! आपण वर्कशॉपमध्ये चार तास फायलिंग करून एक ‘जॉब’ बनवतो आणि घरी जाऊन दाराचा अडसर म्हणून वापरतो.

तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मामाने मला ग्रिल शिकवला. म्हणजे आधी मला चुका करू दिल्या. पहिली चूक सगळेच करतात. जास्त आच हवी म्हणून जास्त कोळसा, आणि पेटत नाही म्हणून वरून रॉकेल. चिकन बाहेरून डांबरासारखं काळं, आतून लाल, आणि चवीला स्टोव्हसारखं. मामा शांतपणे म्हणाला, “इंजिनिअर होणारेस ना? मग आच कोळशाने नाही, हवेने ठरते हे तुला मी सांगायचं का?”

हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धा ग्रिल आला. खाली एक झडप, वर झाकणाला एक झडप. खालून हवा आत येते, गरम होऊन वरून निघून जाते, जाताना धूर पदार्थावरून नेते. वरची झडप शक्यतो पूर्ण उघडी ठेवायची, नाहीतर धूर आतच कोंडतो आणि पदार्थ कडवट होतो. तापमान खालच्या झडपेने सांभाळायचं. झाकण उघडलं तर? आम्हाला वाटायचं थंड होईल. क्षणभर होतंही, पण तेवढ्यात निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते, ते फुलतात, आणि झाकण लावल्यावर तापमान आधीपेक्षा वर जातं. म्हणून सारखं झाकण उचलून ‘झालं का, झालं का’ बघणाऱ्या माणसाला ग्रिलपासून दहा फूट लांब बसवावं. झडप जराशी फिरवायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ज्यांना कंट्रोल सिस्टिम्समधलं ‘ओव्हरशूट’ कळलं नसेल त्यांनी एक संध्याकाळ केटल ग्रिलजवळ घालवावी. मला तरी ते तिथेच कळलं.

आता सुरुवात कशी करायची ते थोडक्यात. कोळसा लाकडी हवा, इस्त्रीवाल्याकडे असतो तो. दगडी कोळसा चुकूनही नको, त्याच्या धुरात गंधक असतं. पेटवायला चिमणी वापरायची. चिमणी म्हणजे पत्र्याचा नळा, मध्ये जाळी, खाली भोकं. वर कोळसा भरायचा, खाली थोडं खायचं तेल लावलेले वर्तमानपत्राचे दोन कागद कोंबायचे आणि काडी लावायची. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर करड्या राखेचा थर येतो. तोपर्यंत काही भाजायचं नाही. रॉकेल नाही, पेट्रोल तर नाहीच नाही. चिमणी वर्कशॉपमध्ये सहज होते, फक्त पत्रा साधा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की त्याचा धूर अंगावर येतो, ताप भरतो. वेल्डिंगच्या मामांना विचारा, ते सांगतील.

मग निखारे एका बाजूला ओतायचे आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. हीच सगळ्यात महत्त्वाची युक्ती. निखाऱ्यांच्या वरची बाजू तव्यासारखी, रिकामी बाजू ओव्हनसारखी. चिकनची तंगडी आधी रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावायचं, झाकणाची झडप तंगडीच्या डोक्यावर येईल असं. पाऊण तासाने शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर आणून रंग द्यायचा. गोड सॉस लावायचा असेल तर तोही शेवटी, साखर लगेच करपते. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारायचं नाही, झाकण लावायचं. चिकन आत 74 अंश सेल्सिअसला पोचलं की खायला सुरक्षित. थर्मामीटर घ्याच. ‘बघून कळतं’ म्हणणाऱ्यांबरोबर मी एकदा जेवले आहे, पुन्हा नाही.

शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये. भरताचं वांगं थेट निखाऱ्यांवर, मक्याचं कणीस, रताळं, पनीर, सगळं उत्तम होतं. आधी शाकाहारी, मग जाळी बदलून मांसाहारी, एवढा नियम पाळला की भांडण नाही.

दुसरी पायरी स्मोकिंगची. (सिगरेटचं नाही, रेक्टर मॅडम!) मला याला मराठी शब्दच माहीत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्याकडे फक्त ‘स्मोक’ होता. आजी म्हणाली, “अगं, धुरी म्हण की. वरणाला कोळसा-तुपाचा धुंगार देतो तेच हे, जरा लांबवलेलं.” बरोबरच आहे. फक्त इथे धुंगार सहा-आठ तास द्यायचा असतो आणि आतलं तापमान 110 ते 130 अंशांत ठेवायचं असतं. त्यासाठी कोळशाच्या वड्या भिंतीलगत अर्धगोलात दोन-दोन रचायच्या आणि एकच टोक पेटवायचं. उदबत्तीसारखं हळूहळू पुढे जळत जातं. अधूनमधून वाळलेल्या आंब्याचं किंवा पेरूचं लाकूड. प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, जुनी खोकी अजिबात नाही. आणि धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर निघतोय म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये. तो बघून खूश व्हायचं नसतं, थांबायचं असतं.

इथे एक गंमत होते. मोठा मांसाचा तुकडा 65-70 अंशांपर्यंत व्यवस्थित तापतो आणि मग तासन् तास तिथेच अडकून बसतो. नवीन माणूस घाबरतो, कोळसा वाढवतो आणि वाट लावतो. कारण काय? माठ! मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि माठासारखं त्याला थंड ठेवतं. जेवढी उष्णता आत येते तेवढीच वाफ घेऊन जाते. पाणी कमी झालं की तापमान आपोआप वर चढतं. आम्हाला थर्मोला हे ‘लेटंट हीट’ म्हणून दोन मार्कांना येतं. माझे ते दोन मार्क गेले होते.

झाकणाची अक्कल काही फक्त अमेरिकेची नाही. हिवाळ्यात रायगडकडे पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरायचं, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं उपडं घालायचं आणि बाहेरून जाळ. आतल्या पदार्थाला जाळ दिसतसुद्धा नाही. आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या माहिती आहे. फक्त ते शेतात होतं, आणि आपण हॉस्टेलवर.

आता मूळ मुद्दा.

गेल्या जानेवारीत आमच्या विंगने रीतसर परवानगी काढून गच्चीवर पार्टी केली. मामा गाडीतून ग्रिल सोडून गेला. सगळं छान झालं, अगदी मेसच्या मावशींनीही दोन कणसं खाल्ली. रात्री अकराला थंडी वाढली. एका मैत्रिणीने विचारलं, “हे निखारे रूममध्ये नेऊ का गं, शेकायला?” मी घमेल्यात बघितलं. ज्वाळ नाही, धूर नाही, वर नुसती राख. आणि मी, सगळ्यांना दोन तास लेक्चर देणारी मी, म्हणाले, “ने, विझत आलेत.”

तिघी खिडक्या लावून झोपल्या. अर्ध्यापाऊण तासाने एक डोकं धरून उठली, दुसरीला उलट्या सुरू झाल्या. आम्हाला वाटलं चिकन बाधलं. मी तर मनातल्या मनात कुठली तंगडी कच्ची राहिली ते मोजत होते. रेक्टर मॅडम आल्या, त्यांनी घमेलं बघितलं, एक शब्द न बोलता खिडक्या उघडल्या आणि तिघींना ओढून व्हरांड्यात आणलं. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. तिघी बऱ्या आहेत. पण तिसरी, जी शांत झोपली होती, तिला उठवायला जो वेळ लागला तो मी विसरू शकत नाही.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. राखेखालचा मंद निखारा तर तो बनवायचा कारखानाच. धुरी दिलेल्या मांसाच्या कडेला जी सुंदर गुलाबी रेघ येते ना, तिच्यातही हाच वायू असतो, मांसातल्या रंगद्रव्याला चिकटून बसलेला. ती रेघ मी दोन तासांपूर्वी सगळ्यांना कौतुकाने दाखवली होती. त्याच वायूला मी रूममध्ये पाठवलं. माझं ज्ञान फोटो काढण्यापुरतं होतं.

दुसऱ्या दिवशी बंदी आली. त्या दिवशी ती बरोबरच होती, मॅडमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण आज वर्ष होत आलं. नोटीस बोर्डावर एवढंच लिहिलंय, ‘हॉस्टेल परिसरात कोळसा वापरण्यास सक्त मनाई’. का, ते कुठेही नाही. मी या वर्षी आलेल्या पाच-सहा मुलींना विचारलं. कोणी म्हणालं आग लागली असेल, कोणी म्हणालं भिंती काळ्या होतात म्हणून. एकीलाही खरं कारण माहीत नाही. म्हणजे उद्या त्यांच्यापैकी कोणी ट्रेकला गेली, थंडी वाजली, आणि टेंटमध्ये घमेलं घेतलं तर? बंदी गेटपर्यंतच येते. गेटच्या बाहेर माहितीच सोबत येते.

म्हणून माझं म्हणणं असं. महिन्यातून एक रविवार, मेसच्या मागच्या मोकळ्या मैदानात, एक सर किंवा मॅडम हजर असताना ग्रिलला परवानगी द्यावी. गच्ची नको, व्हरांडा नको, छप्पर नको. शेजारी वाळूची बादली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संपल्यावर दोन्ही झडपा बंद करून ग्रिल रात्रभर तिथेच मैदानात राहील, निखारे सकाळी थंड झाल्यावरच उचलायचे. पहिल्या रविवारी भाजण्याआधी अर्धा तास कार्बन मोनॉक्साइडवर कोणीतरी बोलावं. दुसरं कोणी नसेल तर मी बोलेन. त्या तिघींपैकी एक माझ्याबरोबर उभी राहायला तयार आहे.

काही जण म्हणतील, एवढं झाल्यावर हिला अजून ग्रिलचीच पडली आहे. खरं आहे, मला ते जेवण आवडतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी मामाकडे जाऊन गपचूप खाल्लं असतं आणि हा लेख लिहून स्वतःची चूक छापून आणली नसती.

ग्रिल सध्या मामाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलाय. परवानगीचा अर्ज मी या लेखाबरोबरच दिला आहे. आणि तो मंजूर होवो न होवो, नोटीस बोर्डावरच्या त्या एका ओळीखाली अजून एक ओळ लिहायची परवानगी तरी द्यावी: विझलेला दिसणारा निखारा विझलेला नसतो. तो खोलीत आणू नका.