नाव एलएसडीचं, आत भलतंच

‘एलएसडीनं कुणी मरत नाही’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये फार खात्रीनं सांगितलं जातं. ते खरं मानलं तरी प्रश्न उरतोच: नखाएवढ्या त्या कागदावर एलएसडीच आहे, हे कुणी तपासलं?

२५आय-एनबीओएमई हे रसायन जगभर एलएसडी म्हणून विकलं गेलं. बोलीभाषेत त्याला ‘एन-बॉम्ब’ म्हणतात. २००३ मध्ये बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांच्या पीएचडीच्या कामातून ते आलं. हेतू होता मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचा, ५-एचटी२ए चा अभ्यास. त्याच कुळातलं एक रसायन मेंदूच्या पीईटी स्कॅनसाठी वापरलं जातं. पण २०१० च्या सुमारास ऑनलाइन दुकानांत ते ‘रिसर्च केमिकल’ म्हणून दिसू लागलं. पाकिटावर छापायचं ‘माणसांसाठी नाही’ आणि विकायचं माणसांनाच!

याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. घरी बसून कागद भिजवणाऱ्याच्या काट्याला ते जमत नाही. एका तुकड्यावर कमी, शेजारच्यावर कितीतरी जास्त. मग झटके येतात, ताप भयंकर चढतो, हृदय धावत सुटतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणसं मेलीही आहेत. त्यावर खास उतारा नाही. झटके थांबवणं आणि शरीर थंड करणं, हे हॉस्पिटलातच होतं.

अमेरिकेनं २०१३ मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. बनवणारे रेणूत छोटा बदल करून नवं रसायन आणतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो, ब्लॅकलिस्ट नेहमी एक पाऊल मागेच असते.

खोलीत मित्र तडफडतोय आणि बाकीचे दार लावून ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणत बसलेत, मला खरी भीती याची वाटते. पोलिसांची भीती, अब्बूंची भीती, मोहल्ल्यात इज्जत जाण्याची भीती. आपल्या पोरांना आणखी एक भीती असते, बातमीत आधी नाव वाचलं जाईल याची. ‘हराम आहे’ एवढं सांगून ही भीती जात नाही, उलट दार आणखी घट्ट लागतं.

रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए संरक्षण देतं. नशेनं कोसळलेल्याला उचलून नेणाऱ्या मित्राला तसं स्पष्ट संरक्षण नाही. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ए आहे, पण ते स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसापुरतं. पहिल्यांदाच कागद चाटलेला पोरगा आणि त्याला रिक्षात घालणारा दोस्त यांचं काय? अमेरिकेत न्यू मेक्सिकोनं २००७ मध्येच असा कायदा केला, नंतर बहुतेक राज्यांनी केला. आपल्या संघटनांनी व्यसनमुक्तीच्या रॅली काढाव्यातच, पण आमदार-खासदारांकडे हीसुद्धा मागणी लावून धरावी.

कायदा होईल तेव्हा होईल. आज कुणी कोसळलं तर १०८ लावा, आणि काय घेतलं, किती वाजता घेतलं, हे डॉक्टरांना खरं सांगा.