सेवा-व्यवसाय, संकेतस्थळ आणि उघडा भाव

भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात, स्थापन झाला आणि पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना रास्त भावात निर्भेळ कापूस मिळावा, हा त्यामागील हेतू होता. शेतकऱ्याचा कळवळा हे त्याचे कारण नव्हते. तथापि त्या व्यवस्थेतून एक तत्त्व या भूमीत रुजले. भाव उघड असावा, माप उघड असावे आणि मधल्या माणसाची अडत किती, हेही उघड असावे. ज्या प्रदेशाने रुमालाखाली बोटे धरून ठरणारे भाव पाहिले होते, त्याला या तत्त्वाचे मोल सांगावे लागत नाही. आज हेच तत्त्व एका नव्या बाजाराला लावण्याची वेळ आली आहे. तो बाजार आहे सेवांचा, आणि त्याचे ठिकाण आहे संकेतस्थळ.

अचलपूर आणि परतवाडा या जुळ्या गावांत सेवा-व्यवसाय किती वाढले आहेत, हे बाजारातून एक फेरी मारली तरी दिसते. मंगल कार्यालये, भोजनालये, भाड्याच्या गाड्या, शिकवणी वर्ग, रोगनिदान प्रयोगशाळा, मोटारपंपांची दुरुस्ती आणि चिखलदऱ्याच्या वाटेवरील लॉज, यांवर अनेक कुटुंबे जगतात. शेतीवर सर्वांचे भागत नाही, म्हणून शिकलेली मुले या व्यवसायांकडे वळतात. त्यांतील पुष्कळांनी संकेतस्थळेही काढली आहेत. परंतु ती काढण्यापूर्वी विचार किती झाला, हा प्रश्न आहे. भाचा संगणक शिकलेला आहे, त्याने आठवड्यात पाने उभी केली. वर ‘आपले सहर्ष स्वागत’, मध्ये कुठल्या तरी बर्फाच्छादित पर्वताचे चित्र, खाली ‘उत्तम सेवा, माफक दर’ आणि शेवटी बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक, असा प्रकार सर्रास आढळतो. याला नियोजन म्हणता येणार नाही. ही फक्त रस्त्यावरची पाटी संगणकावर टांगणे झाले.

सेवेचा व्यवहार मालाच्या व्यवहाराहून दोन बाबतींत वेगळा असतो. सेवा साठवून ठेवता येत नाही. न विकलेला कापूस गोदामात पडून राहतो आणि पुढच्या महिन्यात विकता येतो. चिखलदऱ्यातील खोली आज रात्री रिकामी राहिली, तर तिचे आजचे उत्पन्न कायमचे बुडाले. दुसरे असे की, सेवा घेण्यापूर्वी हाताळून पाहता येत नाही. कापसाचे बोंड चिमटीत धरून धागा जोखता येतो. जेवणावळीचे कंत्राट घेणारा पंगत वेळेवर उठवील की नाही, हे लग्नाच्या दिवशीच कळते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच प्रश्न मांडला आणि २००१ मध्ये त्यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मालाची खरी प्रत विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. मग घेणारा सर्वांनाच हलके समजून कमी किंमत देऊ पाहतो आणि चांगले काम करणारा बाजारातून उठतो. आपल्या गावातील प्रामाणिक व्यावसायिकाचे नेमके हेच दुखणे आहे. जे संकेतस्थळ ग्राहकाची ही शंका फेडीत नाही, त्यावर केलेला खर्च वाया गेला असे समजावे.

म्हणून नियोजनाची सुरुवात संगणकापाशी होत नाही. ती वहीपाशी होते. पंधरा दिवस दूरध्वनीवर आणि गल्ल्यापाशी ग्राहक काय विचारतात, ते टिपून ठेवावे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात धुके उतरते, तेव्हा नागपूर, अकोला वा बैतूलहून निघणारे कुटुंब निसर्गसौंदर्याचे वर्णन मागत नाही. अंधार पडण्यापूर्वी घाट चढता येईल काय, वीज गेल्यास सोय काय, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, गाडी कुठे उभी करावी, जेवण रात्री किती वाजेपर्यंत मिळेल, बेत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल काय, हे त्याचे प्रश्न असतात. या प्रश्नांची सरळ उत्तरे आणि आपल्याच खोल्यांची खरी छायाचित्रे, एवढ्यावर चार पानांचे उत्तम संकेतस्थळ उभे राहते. मंगल कार्यालयाला, प्रयोगशाळेला वा पंप दुरुस्त करणाऱ्याला हीच रीत लागू पडते; प्रश्न तेवढे बदलतात.

यातील वादाचा मुद्दा आहे दराचा. दर छापले तर शेजारचा प्रतिस्पर्धी दोन पैसे कमी लावील आणि ग्राहक त्या आकड्यापासून खाली घासाघीस सुरू करील, अशी भीती व्यावसायिक बोलून दाखवितात. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु दर झाकल्याने ती टळत नाही. प्रतिस्पर्ध्याला आपला दर एका दूरध्वनीत कळतो, अंधारात राहतो तो फक्त ग्राहक. सर्वच कामांचा दर आधी सांगता येत नाही, हेही खरे. जळालेली मोटार उघडल्याशिवाय खर्च समजत नाही. अशा ठिकाणी तपासणीचा आकार किती, कशाकशाचे वेगळे पैसे पडतात आणि कामापूर्वी अंदाज कळविला जाईल किंवा नाही, एवढे तरी लिहावे. गर्दीच्या दिवसांत दर वाढत असतील, तर तेही लिहावे. वाढीव दराबद्दल ग्राहक कुरकुर करील. न सांगता वाढविलेल्या दराबद्दल तो पुन्हा येणार नाही.

भाषेचा विचारही आधीच व्हावा. ग्राहक मराठी असता मोडक्या इंग्रजीत ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. परतवाडा हे मध्य प्रदेशाच्या वाटेवरचे गाव असल्याने सोबत हिंदी पान असावे. मजकूर चित्रात न कोंडता युनिकोड देवनागरीत लिहावा, म्हणजे शोधणाऱ्यास तो सापडतो आणि क्रमांकावर बोट ठेवताच दूरध्वनी लागतो. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो. पाने मुख्यतः मोबाइलवर उघडली जाणार आणि मेळघाटाच्या रस्त्यावर जाळे ठिकठिकाणी तुटते, म्हणून ती हलकी असावीत.

आता अडतीविषयी. खोल्यांचे आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांमुळे दूरचा ग्राहक मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या अटी काय असू शकतात, हे भारतीय स्पर्धा आयोगाच्या ऑक्टोबर २०२२ मधील आदेशाने उघड केले. मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी रुपये आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड त्या आदेशाने ठोठावला. मेकमायट्रिप-गोआयबिबोच्या करारांतील ज्या अटी आयोगाला आक्षेपार्ह वाटल्या, त्यांत हॉटेलमालकाने इतरत्र, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, त्यांच्याहून कमी दर लावू नये अशी अट होती. आपल्याच घरात आपला भाव ठरविण्याची मुभा नसावी, ही ती गोष्ट. कापसाच्या अडत्याचा अनुभव असलेल्या वऱ्हाडी माणसाने यातून बोध घ्यावा. मध्यस्थाकडे जावे, पण स्वतःचे दार बंद करून जाऊ नये.

समाजमाध्यमांवरील फुकट पान आणि नकाशावरील नोंद पुरेशी नाही काय, असे कोणी विचारील. एकट्याने चालविलेल्या लहान दुकानाला ती पुष्कळदा पुरते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती भाड्याची जागा आहे. नियम मालक बदलतो. ज्याच्या व्यवसायात चार माणसांचे पगार आहेत, त्याने स्वतःचे संकेतस्थळ ठेवावे आणि त्याचा पत्ता स्वतःच्या नावे नोंदवावा. ते बनवून देणाऱ्याच्या नावे नोंद राहिली आणि तो गाव सोडून गेला, तर आपलेच दार आपल्याला उघडता येत नाही. वार्षिक नूतनीकरणाची तारीख आणि परवलीचा शब्द जमाखर्चाच्या वहीइतके जपावेत. ग्राहकाचे नाव व क्रमांक घेताना २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे भान ठेवावे. लागेल तेवढेच विचारावे आणि ते दुसऱ्यास देऊ नये.

एवढे सारे साधनांच्या जोरावर होत नाही, याचा दाखला जवळच आहे. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले गेले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात त्याच गावाच्या स्थितीवरून जाहीर वाद झाला. त्यात कोणाचे किती खरे, हा येथे प्रश्न नाही. यंत्रे बसविणे आणि ती रोज उपयोगी पडणे यांत अंतर असते, एवढे त्यातून घ्यावे. संकेतस्थळाचेही तसेच आहे. उद्‌घाटनाचा पेढा एकदाच वाटला जातो. दर बदलला की पान बदलणे, आलेल्या पृच्छेला त्याच दिवशी उत्तर देणे, हे रोजचे काम कोण करणार, हे ज्याने आधी ठरविले नाही, त्याने पैसे खर्चू नयेत.

येथे महाविद्यालयांनाही काम आहे. वाणिज्य आणि संगणक शाखांचे विद्यार्थी दरवर्षी कोठल्या तरी काल्पनिक कंपनीचे प्रकल्प लिहून देतात. त्याऐवजी त्यांना गावातील एकेका व्यावसायिकाकडे वही घेऊन बसवावे; ग्राहकांचे प्रश्न त्यांनी टिपावेत, उत्तरे लिहावीत, पाने बांधून मालकाच्या स्वाधीन करावीत. विद्यार्थ्याला खरा व्यवहार कळेल आणि व्यावसायिकाला रास्त खर्चात स्वतःचे दार मिळेल. असे झाले नाही, तरी चिखलदऱ्याला येणारी गर्दी ओसरणार नाही. फक्त तिच्या पैशाचा मोठा वाटा दूरच्या शहरातील मध्यस्थाकडे जाईल, आणि चादरी धुण्याचे व घाटात गाडी चालविण्याचे काम तेवढे आपल्या मुलांच्या वाट्याला राहील.