तक्रार नगरसेवकाविरुद्ध, पण कोणत्या भाषेत?

नगरसेवक हा मतदाराच्या सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, पथदीप बंद पडला की लोक प्रथम त्याचेच दार ठोठावतात. परंतु त्या नगरसेवकाच्याच वर्तनाबद्दल गाऱ्हाणे असेल तर जायचे कोठे, हा प्रश्न बेळगावच्या सामान्य नागरिकाला नेहमी पडतो. तो मराठी भाषिक असल्यास ‘कोणत्या भाषेत’ हा दुसरा प्रश्नही त्याच्यापुढे उभा राहतो.

लोकप्रतिनिधींच्या वर्तनावरील कारवाईचा येथील अनुभव कडू आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सभागृहाने बेळगाव महाराष्ट्रात सामील करण्याचा ठराव संमत केला. पुढच्याच महिन्यात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळे फासण्यात आले आणि राज्य शासनाने महापालिका बरखास्त केली. १ नोव्हेंबर २०११ च्या काळा दिनात महापौर व उपमहापौर सहभागी झाल्यानंतर डिसेंबरात पुन्हा बरखास्तीच झाली. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते मार्च २०१३ मध्ये. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ‘आपल्या’ नगरसेवकाविरुद्ध अर्ज करणे म्हणजे शासनाच्या हाती कोलीत देणे, अशी समजूत मराठी वस्तीत रुजली. खटकणाऱ्या गोष्टी घरातच ठेवल्या गेल्या. वास्तविक ठराव करणे, निषेध नोंदवणे हे मत आहे. ठेक्यात हितसंबंध ठेवणे किंवा कामासाठी पैसे मागणे हे गैरवर्तन आहे. शासनाने मताला गैरवर्तन ठरवले म्हणून आपण गैरवर्तनाला मत समजून पाठीशी घालावे, असे होत नाही.

कायद्याने वाट ठेवलेली आहे. महापालिकेच्या ठेक्यात वा कामात हितसंबंध असणारा नगरसेवक कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ खाली अपात्र ठरू शकतो. या वाटेने काय घडते, ते शहराने २०२५ मध्ये पाहिले. खाऊ कट्ट्यावरील गाळे पत्नींच्या नावे असल्याच्या तक्रारीवरून प्रादेशिक आयुक्तांनी फेब्रुवारीत दोन नगरसेवकांना अपात्र ठरवले. त्यांनी आदेशाला आव्हान दिले, उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि मार्चमध्ये त्यांपैकीच एक महापौर झाले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु एका नागरिकाची तक्रार तडीस जाऊ शकते, हे त्यातून दिसले, आणि ती किती वळणे घेते हेही दिसले.

लाच मागितली गेल्यास लोकायुक्त पोलिसांकडे जाता येते. नगरपालिकेचा सदस्य भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या अर्थाने लोकसेवकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात २०१३ मध्ये दिला आहे.

तथापि तक्रार म्हणजे शिक्षा नव्हे. रायगड जिल्ह्यातील उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर केल्याचे प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला काढताना कार्यपद्धती काटेकोरपणे पाळली पाहिजे, कारण तिच्याबरोबर तिच्या मतदारांचाही प्रतिनिधी जातो, असे न्यायालयाने बजावले. संपूर्ण सभागृहाबाबतही राज्यघटनेचे कलम २४३ यू हेच सांगते. बरखास्तीपूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे आणि त्यानंतर सहा महिन्यांत निवडणूक झाली पाहिजे.

आता भाषेचा मुद्दा. १९८१ च्या राज्य कायद्याने स्थानिक संस्थांच्या कारभाराची भाषा कन्नड ठरवली. परंतु घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आहे. मराठी ही कर्नाटकात वापरात असलेली भाषा नाही, असे कोण म्हणेल? म्हणजे मराठीतील अर्ज परत करण्याचा अधिकार प्रादेशिक आयुक्तांच्या कार्यालयाला नाही. उणीव पुढे आहे. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, हे कलम सांगत नाही. सुनावणीची नोटीस कन्नडमध्ये आली आणि तक्रारदाराला ती समजलीच नाही, तर हक्क कागदावरच राहतो. १५ ते २० टक्के भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे केंद्राचे १९५६ चे धोरण आहे. ते या नोटिसांनाही लावले जावे, ही मागणी घटनेच्या चौकटीतलीच आहे.

तोवर तक्रारदाराने आपल्या बाजूने पक्के असावे. अर्जात तारीख, ठिकाण आणि घडलेली गोष्ट लिहावी, ऐकीव गोष्टी टाळाव्यात, कागदपत्रांच्या प्रती जोडाव्यात आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याखेरीज टेबल सोडू नये. अर्ज मराठीत म्हणून नाकारला गेल्यास ते लेखी मागावे आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना कळवावे.

२०२१ च्या निवडणुकीत ५८ प्रभागांत प्रथमच पक्षांच्या चिन्हांवर लढती झाल्या आणि सभागृहाचे रूप पालटले. आता नगरसेवक मराठी की कन्नड, समितीचा की पक्षाचा, यावर तक्रार करावी की नाही हे ठरू नये. आपल्या भाषेत अर्ज घ्या, असे शासनाला सांगण्याचे बळ त्यालाच येते, जो आपल्या माणसाविरुद्धही तो अर्ज लिहायला कचरत नाही.