चाके मात्र तुम्ही बघा

आठवी-नववीच्या मुलांना हल्ली जाड टायरची, गिअरची ‘एमटीबी’ सायकल हवी असते. पालक विचारतात तेव्हा आम्ही सांगतो, रंग आणि गिअर मुलाला बघू द्या, चाके तुम्ही बघा.

‘26 इंची’ या एकाच नावाने वेगवेगळ्या मापांची चाके मिळतात. एमटीबीच्या रिमचे माप 559 मिलिमीटर, तर साध्या सायकलच्या 26 × 1 3/8 चे 590. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला 50-559 असा आकडा छापलेला असतो. दुकानात तोच सांगावा. 27.5 इंचीला 584 आणि 29 इंचीला 622 येतो.

पण खरी मेख मागच्या हबमध्ये आहे. स्वस्त सायकलींत गिअरचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेले असते. मग उजवीकडचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहते आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. अंगाने भरलेला मुलगा, पाठीवर दप्तर (त्याच्या वजनाबद्दल आम्ही शिक्षकांनी न बोललेलेच बरे) आणि रस्त्यातले खड्डे! एक्सल तिथेच वाकतो, कधी तुटतो. शिमानोने 1978 मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये हे बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ नेले आहे. म्हणून ‘कॅसेट आहे की फ्रीव्हील?’ असे जरूर विचारा. रोजची वाट लांबची, खडबडीत असेल तर कॅसेटसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. गल्लीत फिरवणाऱ्या लहानग्याला फ्रीव्हील पुरते.

पावसाळा संपला की चाक उचलून रिम डावी-उजवीकडे हलवून पाहा. खटखट लागली तर कोन सैल झाले आहेत. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवताना खरखर जाणवली, तर छर्रे कोरडे पडले आहेत किंवा कोन जास्त आवळले आहेत. मिस्त्रीकडून हब उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरून घ्या. वरून तेल सोडल्याने आतले ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. सीलबंद बेअरिंगचा हब असेल तर खराब झालेले बेअरिंगच बदलावे लागते. धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर नको.

मागचे आरे एकामागून एक तुटू लागले, तर दर वेळी एकेक बदलत बसू नका. सगळ्या आऱ्यांचा ताण तपासून चाकाचा आऊट काढायला सांगा.